देशभक्ती आणि राष्ट्रवाद: गोव्यातल्या मुलांनी (आणि त्यांच्या पालकांनी) वारंवार विचारलेले प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की आमच्या फोंड्यातल्या घरी मुलं येऊ लागतात. 19 डिसेंबरला गोवा मुक्तिदिन, त्याआधी शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा, आणि विषयांच्या यादीत 'देशभक्ती आणि राष्ट्रवाद' ठरलेला. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून सगळ्यांना वाटतं की मास्तरांकडे तयार भाषण असणार. ते नाही. पण प्रश्न दरवर्षी तेच येतात, तेव्हा उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. पाठ मात्र करू नका. परीक्षकाला कळतं, मी परीक्षक असतो तेव्हा मला तरी कळतं.

थोडक्यात फरक काय? दोन ओळींत सांगा.

देशभक्ती म्हणजे एखाद्या भूमीवरची, तिथल्या माणसांवरची, राहणीवरची माया आणि त्या मायेपोटी अंगावर घेतलेली जबाबदारी. राष्ट्रवाद हा राजकीय दावा आहे: अमुक लोक मिळून एक राष्ट्र होतात आणि त्या राष्ट्राचं स्वतःचं राज्य असलं पाहिजे.

या तुमच्या दोन ओळी. तिसरी माझी: मायेला पुरावा मागत नाहीत, दाव्याला मागतात. आपले कोण, हद्द कुठवर, भाषा कोणती, इतिहास कुणाच्या बाजूने सांगायचा, हे सगळे प्रश्न दावा केला की सुरू होतात. भांडणंही तिथूनच.

मराठीत तर दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. मग फरक खरा कशावरून?

वापरतात खरे, आणि त्याला कारण आहे. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण होतं. परकी सत्तेशी लढताना देशावर प्रेम करणं आणि 'आम्ही एक राष्ट्र आहोत' असं म्हणणं ही एकच कृती झाली. त्यामुळे आपल्याकडे 'राष्ट्रीय' या शब्दाला सोन्याचं पाणी चढलं. युरोपात दोन महायुद्धांनंतर 'राष्ट्रवाद' म्हटलं की माणसं दचकतात. आपल्याला तसं दचकायला शिकवलेलं नाही.

पण 'देश' हा शब्द जरा मागे जाऊन बघा. देशमुख, देशपांडे, देसाई ही परगण्याची कामं बघणारी माणसं. म्हणजे देश केवढा, तर परगण्याएवढा. घाटावरचा तो 'देश' आणि खालचं ते कोकण, असंही आपण म्हणतोच. आमच्या गोव्यात बारदेस आहे. बारदेस म्हणजे बारा देश, अशी त्याची फोड सांगतात. एका तालुक्यात बारा देश मावत होते! माणूस जेवढ्या भूमीवर पायी हिंडतो, जिथलं पाणी पितो, जिथल्या देवाला नारळ ठेवतो, तेवढा त्याचा देश. 'राष्ट्र' हा शब्दही जुनाच, पण आज आपण तो ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ एकोणिसाव्या शतकातला आहे.

म्हणजे देशभक्ती चांगली आणि राष्ट्रवाद वाईट, असं लिहायचं ना?

असं लिहिलेली दहांपैकी आठ भाषणं येतात. हे मत बहुतेकदा जॉर्ज ऑर्वेलकडून आलेलं असतं. 1945 मध्ये त्याने मांडणी केली की देशभक्ताला आपली जागा आणि आपली राहणी प्रिय असते पण ती दुसऱ्यावर लादायची नसते, आणि राष्ट्रवादाची सत्तेच्या हव्यासापासून फारकत होऊ शकत नाही. साम्राज्य असलेल्या देशातल्या माणसाला हे पटणं साहजिक आहे. ज्यांच्यावर साम्राज्य होतं त्यांनी ते जसंच्या तसं उचलू नये.

कारण गोवा निव्वळ मायेने मुक्त झालेला नाही. गोव्यावर माया साडेचारशे वर्षं होतीच. 4 जुलै 1930 ला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी इथल्या विधिमंडळात ठराव मांडला की पोर्तुगीज हिंदुस्थानच्या लोकांनी स्वयंनिर्णयाचा हक्क सोडलेला नाही. हा दावा होता. 1944 मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांनी पुस्तिका लिहिली, तिचा विषयच गोमंतकीयांचं राष्ट्रीयत्व कसं पुसलं गेलं हा होता. पुढे त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. 18 जून 1946 ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. लोहिया त्याआधी असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस या मित्राकडे विश्रांतीसाठी आले होते, आणि विश्रांतीचं काय झालं ते आपण जाणतोच. 1955 ला नानासाहेब गोरे सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल होता. पंजाबातल्या मुलाला पत्रादेवीची माती का प्रिय असावी? ती त्याने आधी पाहिलेलीही नसणार. त्याला तिथे आणलं ते राष्ट्राच्या कल्पनेने. ज्या माणसांना आपण कधी भेटणार नाही तीही आपली, ही ताकद राष्ट्रवादाचीच. देशभक्तीचा पल्ला एवढा लांब पोचत नाही.

आता दुसरी बाजू. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारही राष्ट्रवादीच होता. 1951 मध्ये त्याने कागदावर वसाहतींचे 'समुद्रापलीकडचे प्रांत' करून टाकले. पोर्तुगाल म्हणजे एकच अखंड राष्ट्र आणि गोवा हा त्याचा तुकडा, तेव्हा सोडायचा प्रश्नच नाही, असा युक्तिवाद. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 15 डिसेंबर 1960 ला तो फेटाळला आणि गोवा हा स्वशासन नसलेला प्रदेश ठरवला. पुढच्या डिसेंबरात भारतीय सैन्य सीमेवर उभं राहिलं तेव्हा सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला कळवलं की आपले सैनिक एकतर विजयी होतील नाहीतर मरतील. तिसरं काही त्याला नको होतं. वासालो ई सिल्वाने ते ऐकलं नाही आणि 19 डिसेंबर 1961 ला शरणागती पत्करली. हाताखालची तीन हजारांवर माणसं आणि आमची पणजी, दोन्ही वाचली. मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर त्याचा मान परत मिळाला.

लिस्बनमध्ये बसलेल्या सालाझारपेक्षा हा पराभूत सेनापती मला जास्त देशभक्त वाटतो. परीक्षक कडवे असतील तर हा मुद्दा भाषणात घेऊ नका. पण विचार जरूर करा.

राष्ट्र ही कल्पना नवी, तर तिच्याआधी लोक कशासाठी मरत होते?

गावासाठी, देवळासाठी, जमिनीसाठी. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकरांनी देवळं मोडणाऱ्यांविरुद्ध शस्त्र धरलं, पाच जेझुइट मारले गेले, आणि मग त्या गावकरांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. (लोहिया विश्रांतीला आले ते हेच असोळणे. गोवा लहान आहे.) त्यांना 'भारतीय राष्ट्रवादी' म्हणणं म्हणजे आपला सदरा त्यांना घालणं. ते कुंकळ्ळीकर होते आणि तेवढं पुरेसं होतं. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याची बंडंही तशीच, वतनाची आणि मुलखाची. 1787 चा पिंटोंचा कट मात्र थोडा वेगळा. त्यात शिकलेले पाद्री होते आणि राज्य उलथायची भाषा होती. तिथे नव्या विचाराचं पाऊल वाजतं.

पोर्तुगीज अमदानीत आपल्या आजोबा-पणजोबांचा 'देश' कोणता होता?

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत थोडं शिकले. पोर्तुगालचं राष्ट्रगीत त्यांना म्हातारपणीही येत होतं, आणि चहा पिताना ते गुणगुणायचे. घरात कोकणी, पोथी मराठी, कोर्टाचा कागद पोर्तुगीज. 1910 ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं तेव्हा इथल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. त्याबद्दल आजोबा त्या प्रजासत्ताकाचं नाव आदराने घेत. 1930 चा वसाहत कायदा आला आणि ती बरोबरी पातळ झाली, त्याबद्दल शिव्याही देत. 19 डिसेंबर 1961 नंतर ते भारतीय झाले, 1962 च्या घटनादुरुस्तीने गोवा केंद्रशासित झाला, पण आजोबांचा माड तोच, तळी तीच, म्हाळसेची पालखी तीच. राष्ट्र त्यांच्या अंगावरून गेलं, देश पायाखाली तसाच राहिला. आजोबांना हे विचारलं असतं तर त्यांनी 'चहा निवतोय' एवढंच म्हटलं असतं.

पोर्तुगीज पासपोर्ट घेणारा गोमंतकीय देशद्रोही का?

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पालक विचारतात, आणि आवाज खाली करून. बहुतेकांच्या नात्यात कुणीतरी असतो.

आधी कायदा. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व 1974 च्या क्रांतीनंतर मान्य केलं. त्यांच्या कायद्याप्रमाणे 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्यामार्फत मुला-नातवंडांना, लिस्बनमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व मागता येतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. घटनेचं नववं कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतो की स्वखुशीने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मग मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही. फार तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला मिळणारा राहण्या-येण्याचा परवाना.

आता तुमचा प्रश्न. राष्ट्रवादाच्या हिशेबाने त्या माणसाने नाव कापून घेतलं, हिशेब संपला. देशभक्तीचा हिशेब इतक्यात संपत नाही. ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा स्विंडनच्या गोदामांत राबायला गेलेली आमची शेकडो मुलं घरी पैसे पाठवत होती आणि गणपतीला किंवा चर्चच्या फेस्ताला धडपडून येत होती. त्यातल्या काहींनी गावच्या देवळाला आणि चर्चला दिलेली देणगी भिंतीवरच्या पाटीवर आहे. उलट इथेच राहून, सगळे झेंडे लावून, गावचा डोंगर कापून विकणारेही आहेत. पासपोर्टवरून मला दोघांपैकी कुणाचंच मन वाचता येत नाही. मात्र जाणाऱ्यालाही सांगतो: मताचा हक्क सोडणं ही किरकोळ गोष्ट नाही. 'कागद तर आहे' असं म्हणू नका.

1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारे गोव्याचे शत्रू होते का?

नाही. विलीनीकरणाला विरोध करणारेही महाराष्ट्राचे शत्रू नव्हते. हा प्रश्न आमच्या मराठी घरांत अजून ठसठसतो, म्हणून जरा सविस्तर.

16 जानेवारी 1967 ला गोव्याला विचारलं गेलं: महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. एका बाजूला भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊंनी आधीच मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. दुसऱ्या बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. वाद मायेचा नव्हताच, दोघांची माया याच मातीवर. वाद होता आपण कोण याचा: पोथी, नाटक, वर्तमानपत्र मराठी, म्हणून आपण मराठी लोकांचा भाग, की कोकणी बोलणारा आपला एक वेगळा समाज. हे दोन राष्ट्रवादाचे दावे होते, फक्त भारताच्या पोटातले, छोट्या मापाचे.

एर्नेस्त रनां नावाच्या फ्रेंच विचारवंताने 1882 मध्ये सॉरबॉनच्या व्याख्यानात म्हटलं होतं की राष्ट्राचं असणं म्हणजे रोज घेतलेलं सार्वमत. त्याने उपमा म्हणून म्हटलं. आम्ही ते खरोखर करून बघितलं, मतपेटी घेऊन. आणि गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि लोकांनी बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं. त्यांचा दावा नाकारला, त्यांना नाकारलं नाही. वक्तृत्वाला याहून चांगलं उदाहरण शोधायला घाटापलीकडे जायची गरज नाही.

त्यानंतर 1987 चा राजभाषा कायदा झाला: देवनागरी कोकणी राजभाषा, मराठीलाही शासकीय वापराची मुभा. त्याआधीच्या आंदोलनात माणसं मेली. 30 मे 1987 ला राज्य झालं. भाषेवरून आजही कुणी तापलं की मी त्याला चहा देतो. माझं स्वतःचं मत असं की कोकणीत भांडून मराठीत पत्र लिहिणारा समाज जगात फार नाही, आणि ते आपलं धन आहे.

गोंयकारपण म्हणजे देशभक्ती की राष्ट्रवाद?

गोंयकारपण म्हणजे गोवेकर असण्याची जाणीव. ती दोन्ही होऊ शकते. एकाच माणसात, एकाच दिवशी. सकाळी खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीचा, बांध फुटला म्हणून चिखलात उतरणारा, मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं भरती-ओहोटी बघून सांभाळणारा माणूस म्हादई नदीच्या पाण्यासाठी मोर्चात येतो, तेव्हा ते गोंयकारपण मायेचं. संध्याकाळी तोच तिठ्यावर उभा राहून 'भायल्यांनी (बाहेरच्यांनी) गोवा बुडवला' म्हणतो, आणि 'भायलो' म्हणजे कोण तर बांधकामावरचा मजूर, मासळी बाजारातली बिगर-गोमंतकीय बाई. दिल्लीहून येऊन डोंगरावर बंगला बांधणारा त्याच्या तोंडी क्वचितच येतो, कारण त्याला जमीन आपल्यातल्याच कुणीतरी विकलेली असते.

राष्ट्रवादाला मोठा देशच लागतो असं नाही. तालुकाही पुरतो. आपले कोण हे ठरवताना परका कोण हे आधी ठरवायची घाई झाली की माप कुठलंही असो, चव तीच.

विश्वचषकात पोर्तुगालला टाळ्या वाजवल्या तर?

वाजवा की. 2021 च्या डिसेंबरात कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसवला, तेव्हा मुक्तीला नुकतीच साठ वर्षं झाली होती आणि काहींनी काळे झेंडे दाखवले. त्यांचा मुद्दा मला कळतो: पुतळा सरकारी कौतुकाचा विषय होतो, आणि आमचे स्वतःचे फुटबॉलपटू त्या मानाच्या रांगेत मागे का? पण गल्लीत टीव्हीपुढे बसून रोनाल्डोच्या गोलला ओरडणारं पोरगं वसाहतवादी नाही. ते फुटबॉलवेडं आहे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जन्माला आलेल्या मुलाकडून वेगळी अपेक्षा ठेवणं हेच आश्चर्य.

'देशद्रोह' म्हणजे कायद्यात नक्की काय?

भारतीय दंड संहितेतलं 124अ कलम 'राजद्रोहा'चं होतं. 1870 मध्ये इंग्रजांनी घातलं, टिळकांना 1897 आणि 1908 मध्ये त्याच कलमाखाली शिक्षा झाली. राजद्रोह म्हणजे सरकारविरुद्ध अप्रीती. आपली वर्तमानपत्रं त्याला बिनदिक्कत 'देशद्रोह' लिहीत आली, आणि सरकार म्हणजेच देश हे समीकरण वाचकाच्या डोक्यात नकळत बसलं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये हे कलम स्थगित ठेवलं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 152 व्या कलमात 'राजद्रोह' शब्द नाही, सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांची भाषा आहे. भाषणात शब्द नीट वापरा. टिळक राजद्रोही ठरले होते.

राष्ट्रगीताला उभं राहणं ही देशभक्तीची परीक्षा आहे का?

राष्ट्रगीताचा आदर हे घटनेत सांगितलेलं मूलभूत कर्तव्य आहे, आणि मी उभा राहतो. पण न गाता आदराने उभी राहिलेली केरळातली तीन मुलं शाळेतून काढली गेली तेव्हा 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. चित्रपटगृहातली सक्ती नोव्हेंबर 2016 मध्ये आली आणि जानेवारी 2018 मध्ये ऐच्छिक झाली. ज्यांचं गीत आपण गातो त्या रवींद्रनाथांनी 1916-17 मध्ये जपानात आणि अमेरिकेत हिंडून राष्ट्रवादावर कडक टीका केली होती, हे मुलांना सांगितलं की ती विचारात पडतात. पडू द्यावीत.

संविधानावरची निष्ठा ही देशभक्ती होऊ शकते का?

जर्मनीत तसा शब्दच तयार झाला. 1979 मध्ये श्टेर्नबेर्गर या राज्यशास्त्रज्ञाने तो वापरला, तत्त्वज्ञ हाबरमासनी पुढे नेला. ज्यांच्या राष्ट्रवादाने युरोप जाळला त्यांना वंश आणि भूमीऐवजी दुसरं काही धरायला हवं होतं. कल्पना चांगली आहे, जराशी कोरडी. माझ्या मते संविधान डोक्यात आणि तळं डोळ्यांत, असं दोन्ही लागतं.

मास्तर, तुमच्या घरी 1967 ला मत कुणाला दिलं होतं?

हा शेवटी विचारतातच. वडिलांनी फुलाला दिलं. लपवलं कधी नाही. कौल हरल्यावर दोन दिवस नीट जेवले नाहीत. आईला कुणी विचारलंच नव्हतं, सगळे धरून चालले होते. खूप वर्षांनी, अंगणात सुपारी सोलताना, ती सहज म्हणाली, ''हांवें दोन पानांचेर मारिल्लो शिक्को.'' वडील शेजारी मराठी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, ''आज हुमण (माशांची आमटी) कसलं?''